गोळी एक, विषाणू दोन

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने देशातील आठ सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला. स्वतंत्र भारतातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही ही तारीख वगळता येणार नाही. १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास शहरात डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी या विषाणूचे देशातील पहिले बाधित शोधून काढले. त्यानंतरची अठरा वर्षे गरीब माणसासाठी ही लागण म्हणजे मृत्यूचे बोलावणेच होते. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांच्या ‘सिप्ला’ने दिवसाला एक डॉलरहूनही कमी खर्चात तीन औषधांचा उपचार देऊ केला आणि हे चित्र पालटण्याची शक्यता प्रथमच दिसू लागली. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे एकाच गोळीत होती. आपला राष्ट्रीय कार्यक्रमही सुरुवातीची बरीच वर्षे याच धाटणीच्या त्रयींवर उभा होता. त्या गोळ्यांनी लाखो माणसे वाचवली, हे प्रथम निःसंदिग्धपणे नोंदवते. पुढे जे लिहिणार आहे, त्याने या श्रेयाला बाधा येत नाही.

माझा विषय त्या त्रयीतील मधले औषध आहे. लॅमिव्ह्युडिन एचआयव्हीवर चालते, तसेच ते हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूवरही चालते. दोन विषाणूंचे कूळ वेगळे, घर वेगळे. एक रक्तातील संरक्षक पेशींत राहतो, दुसरा यकृताच्या पेशींत. परंतु स्वतःच्या प्रती काढण्याची त्यांची रीत एका टप्प्यावर सारखी आहे. आरएनएवरून डीएनए लिहिणारे एक विकर दोघांनाही लागते, आणि लॅमिव्ह्युडिन नेमक्या त्या विकरात खोट्या अक्षरासारखे शिरून लिखाण थांबवते. साहजिकच, ज्या रुग्णाच्या शरीरात दोन्ही विषाणू होते, त्याची गोळी पहिल्या दिवसापासून दोन लढाया लढत होती. एचआयव्हीशी लढायला तीन औषधे होती. हिपॅटायटिस बीशी लढायला त्यांतले एकच. आणि ही दुसरी लढाई चालू आहे याची अनेक ठिकाणी कोणाला कल्पनाही नव्हती, कारण त्या रुग्णाची हिपॅटायटिस बीची चाचणीच झालेली नव्हती.

एका औषधाने दीर्घकाळ उपचार केल्यास काय होते, हे आपल्या देशाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि मग अनेकांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. सोबत दुसरे औषध दिल्यावर हा प्रकार मोठ्या प्रमाणात थांबला. तो धडा घेऊन १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले आणि तेथील अभ्यासांकडे साऱ्या जगाने पाहिले. एचआयव्हीला तीन औषधे एकत्र द्यायची, हा नियम त्याच परंपरेतला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला यातील विसंगती फार बोचते. ज्या गोळीत हा धडा इतक्या काटेकोरपणे पाळला गेला, त्याच गोळीत, त्याच रुग्णाच्या बाबतीत, दुसऱ्या विषाणूसाठी तो मोडला जात होता.

परिणाम काय होणार हेही अज्ञात नव्हते. पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये, म्हणजे आपला कार्यक्रम सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी, दोन्ही विषाणू असलेल्या आणि लॅमिव्ह्युडिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोन वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बीचा विषाणू औषधाला जुमानेनासा झाला; चार वर्षांत हे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांवर गेले. बदल क्षुल्लक वाटावा असा असतो. त्या विकराच्या साखळीत २०४ क्रमांकाच्या जागी असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन तेथे व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन येते. एवढ्याने औषधाची जागा अडते, आणि विषाणूचे लिखाण पूर्ववत सुरू होते.

आता संख्येकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीसह जगणारी माणसे सुमारे तीन कोटी होती. एचआयव्हीसह जगणारे सुमारे पंचवीस लाख आहेत. दोन्ही विषाणूंचे मार्ग तेच आहेत: रक्त, दूषित सुई, शरीरसंबंध, आणि मातेकडून अर्भकाकडे. म्हणून दुहेरी लागण हा योगायोग नाही, अपेक्षित गोष्ट आहे. तरीही हिपॅटायटिस बी आपल्या सार्वजनिक चर्चेत कायम मागे राहिला. त्याला लक्षणे नसतात, असली तरी ‘कावीळ’ या एका शब्दात बुजून जातात, आणि कावीळ म्हटले की आपल्याकडे अंगारा, पथ्य आणि उसाचा रस. अमिताभ बच्चन यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, की १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हा विषाणू मिळाला आणि तो असल्याचे कळेपर्यंत पुष्कळ वर्षे उलटून यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता. ज्यांच्या दारात देशातील उत्तम डॉक्टर उभे राहू शकतात त्यांची ही कथा, तर इतरांचे काय.

नोकरीच्या उत्तरार्धात काही वर्षे माझ्याकडे ईशान्येकडील आरोग्य योजनांच्या आढाव्याचे काम होते. एआरटी केंद्रांच्या मासिक तक्त्यात नोंदणी झालेले, औषधे सुरू झालेले, मध्येच सोडून गेलेले, मृत्यू पावलेले असे रकाने असत. सीडी-४ पेशींची संख्या वेगळी. एका जिल्हा रुग्णालयातील बैठकीत मी एका केंद्राच्या उत्तम आकड्यांचे कौतुक केले. तेव्हा मागच्या रांगेत बसलेला एक तरुण डॉक्टर उठून म्हणाला, “मॅडम, या यादीतला एक रुग्ण आत्ता वरच्या मजल्यावर आहे. त्याच्या सीडी-४ पेशी दुपटीहून अधिक वाढल्या आहेत, म्हणून तक्त्यात तो यशस्वी आहे. पोटात पाणी झाले आहे, डोळे हळदीसारखे पिवळे आहेत. तो या महिन्यात जाईल.” रुग्णाला पूर्वी सुईने अमली पदार्थ घेण्याची सवय होती आणि ती सुटून बरीच वर्षे झाली होती. पाच वर्षे त्याने एकही गोळी चुकवली नव्हती. हिपॅटायटिस बीची चाचणी कावीळ झाल्यावर प्रथमच केली गेली. त्या डॉक्टरला रागावण्याचा पुरेपूर अधिकार होता, पण तो रागावला नाही. त्याने फक्त विचारले की अशा मृत्यूची नोंद कोणत्या रकान्यात करायची. उपस्थितांपैकी कोणीतरी ‘इतर’ असे सुचवले, आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

याच ठिकाणी सरकारी भाषेविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण माझे आयुष्य तिच्यातच गेले. त्या काळातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हिपॅटायटिस बीच्या चाचणीचा उल्लेख होता. नव्हता असे कोणी म्हणू नये. सोय उपलब्ध असल्यास ती सर्वांची करावी. सुईने अमली पदार्थ घेणारे, वारंवार रक्त घेतलेले किंवा यकृताच्या चाचण्या बिघडलेले रुग्ण असतील तर अवश्य करावी. मात्र चाचणी नाही म्हणून एचआयव्हीची औषधे अडवू नयेत, असा त्या सूचनांचा आशय होता. शेवटचा भाग पूर्णतः योग्य आहे. अडचण ‘उपलब्ध असल्यास’ या दोन शब्दांत आहे. मंत्रालयात हे शब्द लिहिणाऱ्याला वाटते की आपण सवलत दिली. जिल्ह्यात ते वाचणारा समजतो की यासाठी निधी येणार नाही, खरेदीची जबाबदारी कोणावर नाही आणि त्याबद्दल विचारणाही होणार नाही. चाचणीची पट्टी महागडी नव्हती. रक्तपेढ्यांत दान केलेल्या प्रत्येक पिशवीसाठी तीच चाचणी सक्तीची होती. म्हणजे अनेक रुग्णालयांत एका खोलीत ती रोज होत होती आणि दुसऱ्या खोलीत ‘उपलब्ध’ नव्हती. दोन खोल्यांचे लेखाशीर्ष वेगळे होते.

न्यायाने पाहायचे तर औषधाच्या निवडीबाबत २००४ च्या धोरणकर्त्यांना दोष देता येत नाही. हिपॅटायटिस बीला आवर घालणारे आणि लॅमिव्ह्युडिनला न जुमानणाऱ्या विषाणूवरही चालणारे टेनोफोव्हिर अमेरिकेत २००१ मध्येच एचआयव्हीसाठी मान्य झाले होते. पण ते आपल्या सरकारी खरेदीच्या आवाक्याबाहेर होते. २००८ मध्ये चेन्नईजवळचे तांबरम आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय येथे दुसऱ्या फळीचे उपचार सुरू झाले, तेव्हा ते कार्यक्रमात मोजक्या रुग्णांपर्यंत आले. २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने टेनोफोव्हिरच्या प्रचलित क्षारावरील ‘गिलियड’ कंपनीचे अर्ज नाकारले. आपल्या कायद्यातील कलम ३ (ड) वर परदेशांत पुष्कळ टीका होते, परंतु जुन्याच रेणूला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवण्यास पायबंद घालणाऱ्या या तरतुदीमागे संसदेची जी भूमिका होती, तिचे मोल अशा निर्णयांत कळते. भारतीय कंपन्यांची स्पर्धा वाढली, किमती खाली आल्या. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही लागणी असलेल्यांसाठी टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन एकत्र देण्याची शिफारस केली. पुढील दशकात आपल्या कार्यक्रमाची पहिल्या फळीची गोळीच बदलली: आधी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, एफाव्हिरेन्झ, आणि २०२० नंतर एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर.

या बदलाचा एक विलक्षण परिणाम असा, की ज्यांच्या यकृतातील विषाणू लॅमिव्ह्युडिनला निर्ढावला होता त्यांच्यापैकी बहुतेकांना योग्य औषध आपोआप मिळू लागले. दीर्घकाळच्या वापरानंतरही टेनोफोव्हिरला न जुमानणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू अतिशय विरळाच आढळला आहे. म्हणजे ज्यांची चाचणी झाली नव्हती, ज्यांना आपला दुसरा आजार ठाऊक नव्हता, तेही वाचले. अनेक जाणकार म्हणतात की मग प्रश्न संपला. आता जुनी दप्तरे उकरण्यात काय अर्थ आहे? मला हे मान्य नाही. नकळत मिळालेले संरक्षण नकळतच काढूनही घेतले जाते.

टेनोफोव्हिर काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. क्रिएटिनिन वाढले की डॉक्टर ते थांबवून दुसरे औषध देतो; एचआयव्हीच्या दृष्टीने निर्णय रास्त असतो. परंतु रुग्णाच्या पुस्तिकेत हिपॅटायटिस बीची नोंद नसेल, तर हा बदल त्याच्या यकृतातील आवरलेल्या विषाणूला मोकाट सोडतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तीव्र कावीळ उद्भवू शकते. एचआयव्हीची औषधे निष्फळ ठरून दुसऱ्या फळीकडे वळताना हाच धोका असतो. नोंद असेल तर डॉक्टर इतर औषधे बदलतो आणि टेनोफोव्हिर चालू ठेवतो. मूत्रपिंडाचा प्रश्न असेल तर मात्रा कमी करतो किंवा त्याच औषधाचे सौम्य रूप निवडतो. यात कोणतेही गूढ विज्ञान नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एका ओळीची गरज आहे.

त्यात आता नवी उपचारपद्धती येत आहे. डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन अशा दोनच औषधांच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. गोळीतील औषधे कमी, शरीरावरचा भार कमी, म्हणून ती आकर्षक आहे. पण तिच्यात टेनोफोव्हिर नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने ती घेतली, तर आपण पुन्हा २००४ च्या जागी येतो: एका विषाणूला पुरेसे औषध, दुसऱ्याला एकटे लॅमिव्ह्युडिन. महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांत तर यकृताच्या विषाणूसाठी काहीच नाही. ही औषधे आपल्या कार्यक्रमात आज ना उद्या येणार, आणि यावीतही. त्याआधी प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाची चाचणी पूर्ण झाली पाहिजे, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याची आवश्यकता नाही.

हाच प्रकार उलट दिशेनेही घडतो, आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष आहे. खाजगी डॉक्टरकडे हिपॅटायटिस बीसाठी जाणाऱ्या रुग्णाला पूर्वी सर्रास लॅमिव्ह्युडिन मिळे; पुढे एन्टेकाव्हिर आले. दोन्ही औषधे एचआयव्हीच्या विषाणूवर थोडाफार दाब टाकतात. एन्टेकाव्हिरचा हा गुण २००७ मध्ये उघड झाला, तोही रुग्णांच्या एचआयव्हीमध्ये लॅमिव्ह्युडिनला निष्प्रभ करणारा बदल दिसला तेव्हा. त्या रुग्णाला एचआयव्ही आहे हे ठाऊक नसेल, तर यकृताचा उपचार करता करता त्याची एचआयव्हीची पहिली ढाल बोथट होते. शिवाय लॅमिव्ह्युडिनला निर्ढावलेल्या यकृताच्या विषाणूवर एन्टेकाव्हिरही पुढे फार काळ टिकत नाही. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात हिपॅटायटिस बी आपल्या जनुकीय लेखाची एक चिवट प्रत जपून ठेवतो, आणि एकदा बदललेली अक्षरे त्या प्रतीत वर्षानुवर्षे शिल्लक राहतात. अभिलेखागारात बसून कागद वाचण्याची सवय असलेल्या मला ही गोष्ट चटकन समजली: दप्तर जळत नाही, फक्त फडताळात पडून राहते.

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. मोफत चाचणी आणि मोफत औषधे हे या कार्यक्रमाचे मोठे पाऊल आहे. पण त्याची दप्तरे एका यंत्रणेकडे, एचआयव्हीची दुसरीकडे. दोन्हींचे नोंदणी क्रमांक वेगळे, अहवाल वेगळे, बऱ्याचदा इमारतीही वेगळ्या. दोन्ही लागणी असलेला माणूस एका कागदावर पूर्ण दिसत नाही. एचआयव्हीच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने संरक्षित आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. मात्र गोपनीयतेचे कारण पुढे करून दोन उपचार केंद्रांनी परस्परांशी न बोलणे हा सोयीस्कर अर्थ आहे. रुग्णाच्या संमतीने त्याच्याच पुस्तिकेत दोन ओळी लिहिण्यास कोणता कायदा आडवा येतो?

हे सर्व सर्वांत तीव्रपणे जाणवते मणिपूरमध्ये. म्यानमारच्या सीमेवरून आलेल्या हेरॉईनने तेथील एक पिढी पोखरली. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी सुया वाटून घेणाऱ्या तरुणांत एचआयव्ही वणव्यासारखा पसरला, आणि त्याच सुयांतून यकृताचे विषाणूही गेले. याच छोट्या राज्याने १९९६ मध्ये स्वतःचे एड्स धोरण स्वीकारले आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार मानण्याऐवजी त्याला स्वच्छ सुई देण्याचा विचार अंगीकारला. दिल्लीला तिथवर पोहोचायला वेळ लागला. पण मणिपूरचे रस्ते वारंवार बंद पडतात. २०११ मध्ये महामार्गांची नाकेबंदी शंभर दिवसांहून अधिक चालली. मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात साठ हजारांच्या आसपास माणसे घर सोडून शिबिरांत गेली. डोंगरातल्यांना खोऱ्यातले रुग्णालय आणि खोऱ्यातल्यांना डोंगरातला रस्ता पारखा झाला. एचआयव्हीच्या औषधांत खंड पडला, तर त्याचे परिणाम हळूहळू दिसतात. हिपॅटायटिस बी सोबत असेल, तर टेनोफोव्हिरमधला तोच खंड यकृतावर अचानक आघात करू शकतो. शिबिरातील परिचारिकेपुढे औषध मागायला दहा जण उभे असतील आणि तिच्याकडे तिघांपुरत्याच गोळ्या असतील, तर आधी कोणाला द्यायच्या हे तिला कसे कळावे? २०२२ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीतही एचआयव्हीबाधितांनी औषधांच्या तुटवड्याविरुद्ध राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयापुढे महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले होते. देशात साठा पुरेसा आहे, असे सरकारचे उत्तर होते. देशातला साठा आणि केंद्राच्या कपाटातला साठा या दोन गोष्टी एकच नसतात, हे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला पहिल्या वर्षातच कळते.

लसीविषयी एक मुद्दा उरतो. हिपॅटायटिस बीची स्वदेशी जनुकीय लस हैदराबादच्या ‘शांता बायोटेक्निक्स’ने १९९७ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामुळे किंमत कोसळली, तरी देशभरच्या लसीकरणात ती येण्यास २०११ उजाडले. म्हणजे आज ज्यांचे वय पंधरा-वीस वर्षांहून अधिक आहे, त्यांच्यापैकी बहुसंख्य या छत्राबाहेर आहेत. विषाणूच्या जनुकात विकराचा मजकूर आणि बाह्य आवरणाचा मजकूर एकमेकांवर लिहिलेला असतो. त्यामुळे औषधाला चकवणारे काही बदल आवरणाचेही रूप पालटतात, आणि लसीने तयार झालेली प्रतिपिंडे त्या रूपाला कमी ओळखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. यावरून लस कुचकामी आहे असा अर्थ कोणी काढू नये. ती उत्तम आहे. एचआयव्ही असलेल्या परंतु हिपॅटायटिस बी नसलेल्या प्रत्येक प्रौढाला ती मिळायला हवी, आणि कोणाला ती द्यायची हे ठरवायलाही आधी तीच चाचणी लागते. नवजात बालकाला चोवीस तासांच्या आत मिळणारा पहिला डोस तर कोणत्याही कारणाने टळता कामा नये. घरी झालेल्या बाळंतपणांत तो टळतो. आशा कार्यकर्तीला शीतपेटी घेऊन पोहोचायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो.

ज्यांचे उपचार साधारण २०१५ च्या आधी सुरू झाले, त्यांनी पुढच्या भेटीत एआरटी केंद्राच्या डॉक्टरांना एवढेच विचारावे: माझी हिपॅटायटिस बीची चाचणी झाली आहे का, आणि तिचा निष्कर्ष माझ्या पुस्तिकेत कुठे लिहिला आहे? कोणतीही गोळी बदलण्याचा विषय निघाला की हा प्रश्न पुन्हा विचारावा. आणि औषध स्वतःहून, एक दिवसही, थांबवू नये.